धुतलेली अंडी

सुज्ञ वाचकांस प्रथमतः नम्रतापूर्वक निवेदन करण्यात येते की, पुढील पृष्ठांमध्ये एका कोंबडीने तेरा अंड्यांवर बैठक मारल्याचा, आणि त्या निमित्ताने एका गृहस्थाच्या घरात जे काही घडले त्याचा वृत्तांत यथाशक्ती कथन केला जाईल. यात लढाई नाही, खून नाही, कोणाचे लग्नही नाही. विषय क्षुल्लक आहे असे ज्यास वाटेल त्याने येथेच थांबावे. परंतु ज्याच्या घरी सायंकाळी एकच ताट वाढले जाते त्याने हा वृत्तांत अखेरपर्यंत वाचावा, अशी विनंती आहे.

ग्वाल्हेरच्या बाहेर, मोरारच्या पलीकडे, पायगापूर नावाची वस्ती आहे. पलटणीत चाकरी केलेल्या मराठ्यांना पूर्वी तेथे जमिनी मिळाल्या होत्या. अलीकडे त्या जमिनींवर पांढऱ्या रंगाची एक मोठी कॉलनी उभी राहिली, आणि जुन्या वस्तीपैकी सहा-सात घरे तिच्या कुंपणाला चिकटून उरली. त्यांतील शेवटचे घर कान्होजी वाबळे यांचे. वय चौसष्ट, अंगकाठी सडपातळ, डाव्या गुडघ्यात कळ. एकतीस वर्षे ते शहरातील एका मोठ्या रुग्णालयात, जखमा बांधण्याच्या खोलीत नोकरीस होते. निवृत्तीनंतर ते कॉलनीच्या बागेला पाणी घालीत आणि चार बंगल्यांच्या कुंड्या सांभाळीत.

त्यांच्या पत्नी लीलाताई मुलीच्या बाळंतपणासाठी तीन महिन्यांकरिता म्हणून पुण्यास गेल्या होत्या. त्या गोष्टीला आता दीड वर्ष झाले होते. मुलगी हर्षिता आणि जावई शंतनु दोघेही कामावर जात, आणि नात आजीच्या हाताशिवाय घास घेत नसे. रोज सायंकाळी सात वाजता फोन येई.

"जेवलात का?"

"जेवायचं आहे."

"गोळी घेतली?"

"घेतली."

"बरं. ठेवते मग."

एवढ्यावर ते संभाषण संपे. कान्होजी फोन कोनाड्यात ठेवीत आणि अंगणात जाऊन खुराड्याचे दार लावून घेत. खुराडे लीलाताईंचे होते, आणि त्यातील तीन कोंबड्या आणि एक कोंबडाही लीलाताईंचाच.

त्या वर्षी होळी झाल्यानंतर कॉलनीच्या समितीने कान्होजींना बोलावून घेतले. देवळाच्या सभागृहात खुर्च्या मांडल्या होत्या. कान्होजी चपलांच्या ढिगाजवळ उभे राहिले. समितीचा सचिव हेमेंद्र हा तरुण गृहस्थ होता. त्याने खिशातून मोबाईल काढला आणि म्हटले, "काका, ये सुनिए."

मोबाईलमधून कोंबडा आरवला. मागच्या रांगेत कोणीतरी खुसखुसले.

"ये कल का है. चार बजकर बारह मिनट. अब ये सुनिए, परसों का."

कोंबडा पुन्हा आरवला. हेमेंद्राने अशा पाच सकाळी साठवून ठेवल्या होत्या आणि त्या पाचही त्याने ऐकवल्या. कान्होजी मान खाली घालून ऐकत राहिले. आवाज आपल्याच कोंबड्याचा आहे याविषयी त्यांना शंका उरली नाही.

"साहब, यहाँ तो हमारा गाँव था," ते शेवटी म्हणाले.

"था," हेमेंद्र म्हणाला, आणि त्याने मोबाईल खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी कान्होजींनी कोंबड्याचे पाय सुतळीने बांधले आणि डबरा गावाकडे जाणाऱ्या एका ओळखीच्या टेम्पोवाल्याजवळ त्याला देऊन टाकले. सायंकाळी त्याच कॉलनीच्या हिरवळीवर त्यांनी नेहमीप्रमाणे पाणी मारले. फोनवर याविषयी ते काही बोलले नाहीत.

आठ दिवस गेले. नवव्या दिवशी सकाळी त्यांच्या असे लक्षात आले की, भुरी नावाची कोंबडी खुराड्यातून बाहेर येत नाही. हात आत घातला तर तिने पिसे फुलवली आणि घशातून खुर्रखुर्र असा आवाज काढला. पोटाखालून हात फिरवला तेव्हा तेथील पिसे गळून कातडी उघडी पडलेली आणि तापाच्या रोग्यासारखी गरम लागली. सायंकाळी फोनवर, इतक्या दिवसांत प्रथमच, कान्होजींपाशी सांगण्यासारखे काही होते.

"भुरी खुडूक झाली आहे बहुतेक."

"खरंच?" लीलाताईंचा आवाज बदलला. "खुर्र करते?"

"करते. हाताला चोच पण मारली."

"मग बसवून द्या ना रवणाला, उबवेल ती. अंडी किती आहेत घरात?"

"तेरा."

"तेरा चांगली. उपडी घालू नका हं, आडवी ठेवा. आणि कोंबडा..." त्या थांबल्या. "चार दिवस झाले, विचारीनच म्हणते. फोनवर त्याचा कधी आवाज नाही ऐकू येत. सकाळी हर्षितानं लावला होता, तेव्हा पण नाही."

कान्होजींना तेव्हा सर्व सांगावे लागले. सभागृह, मोबाईल, सुतळी. लीलाताई रागावतील असे त्यांना वाटले होते. त्यांनी मात्र दिवस मोजायला घेतले.

"किती दिवस झाले त्याला जाऊन?"

"नऊ."

"मग हीच शेवटची अंडी समजा," त्या म्हणाल्या. "कोंबडा गेल्यावर आठ-दहा दिवसच अंड्यात जीव धरतो. त्यानंतरची नुसती खायची. ही निघाली तर निघाली. नाही तर माझं खुराडं संपलं. त्यात ते थोडीच पुन्हा दुसरा कोंबडा ठेवू देणार आहेत." आणि मग, जरा हलक्या आवाजात, "पिल्लं निघाली ना, तर मी येऊन जाईन बघायला."

वाचकहो, हे शेवटचे वाक्य कान्होजींनी त्या रात्री कितीदा तरी मनात घोळवले, हे येथे मुद्दाम नमूद केले पाहिजे. पुढे जी चूक घडली ती या वाक्यापायीच घडली. हे तेरा जीव साधे नव्हेत, यांची काळजी आपल्याला येते त्या उत्तम रीतीने घेतली पाहिजे, असे त्यांनी ठरवले. आणि कान्होजींना उत्तम रीतीने येणारी काळजी एकच होती.

पहाटे उठून त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले. पातेल्यात पाणी कोमट केले, त्यात झाकणभर जंतुनाशक ओतले, आणि पाणी दुधाळ झाल्यावर एकेक अंडे त्यात बुडवून कापसाने पुसून काढले. शिटाचे डाग होते ते नखाने न खरवडता भिजवून काढले. मग धुतलेल्या पंचावर तेराही अंडी रांगेने वाळत ठेवली. इतकी स्वच्छ अंडी त्या घरात कधी कोणी पाहिली नव्हती. खुराड्यातील टोपलीत राख पसरली, त्यावर गव्हाचे काड, आणि लीलाताईंच्या सांगण्याप्रमाणे मेघगर्जनेपासून रक्षण व्हावे म्हणून लोखंडाचा तुकडा हवा होता, तर रुग्णालयातून निवृत्तीच्या दिवशी सोबत आणलेला एक जुना चिमटा काडाखाली सरकवला. भुरीला उचलून वर ठेवले. तिने एकेक अंडे चोचीने पोटाखाली ओढले, अंग पसरले आणि डोळे मिटले. खुराड्यात रुग्णालयाचा वास सुटला होता.

सायंकाळी त्यांनी हे सर्व क्रमाने सांगितले. पलीकडे नातीच्या खेळण्याचा किणकिणाट चालला होता.

"धुतलीत?" लीलाताई म्हणाल्या.

"स्वच्छ. एक डाग नाही ठेवला."

"औषधाच्या पाण्यानं."

"हो."

"अहो, अंडं धुवायचं नसतं," त्या अगदी सावकाश म्हणाल्या, जसे एखाद्या रोग्याच्या नातेवाइकास सांगतात तसे. "त्याच्यावर कोंबडीनं दिलेलं एक पातळ कवच असतं, डोळ्याला नाही दिसत. ते गेलं की आत सगळं शिरतं. पाणी, घाण, सगळं."

कान्होजी भिंतीला टेकले. आपल्या हातांना अजूनही तो वास येत आहे हे त्यांना जाणवले.

"आता?"

"आता काय. बसू द्या तिला. आठव्या दिवशी बघू."

आणि येथून एक निराळाच क्रम सुरू झाला. लीलाताईंचा फोन सातला येई तो आता साडेसात वाजले तरी संपत नसे. भुरी दिवसातून एकदाच उठते ना? किती वेळ बाहेर राहते? शीट पातळ आहे की घट्ट? पाणी मातीच्या भांड्यात ठेवता ना, स्टीलचं तापून जाईल. कान्होजी दिवसभर या प्रश्नांची उत्तरे गोळा करीत. भुरी उठली की ते घड्याळ पाहत. ती धुळीत लोळे, चार दाणे टिपे, आणि बारा-तेरा मिनिटांत पंख अर्धवट उघडे ठेवून धावत परत जाई. चैत्र लागला होता आणि ग्वाल्हेरचे ऊन कोवळे राहिले नव्हते. दुपारी पत्र्याखाली हात धरवत नसे. लाईट जाई. कान्होजी पोते ओले करून खुराड्यावर टाकीत आणि कोरडे झाले की पुन्हा भिजवीत. भुरी चोच उघडी टाकून धापा टाके, पण जागची हलत नसे.

कॉलनीत सरोजिनीबाईंच्या कुंड्यांना पाणी घालताना एक दिवस बाई गॅलरीत आल्या. त्या पूर्वी शहरात, जयेंद्रगंजात राहत. मुलगा अभिराम याने येथे बंगला घेतल्यावर इकडे आल्या होत्या.

"कान्होजी, त्या मीटिंगला मी होते, पण मी काही बोलले नाही हं," त्या म्हणाल्या.

"पाहिलं मी, बाई."

"झोपमोड तर होतेच ना पण. माझी नाही, अभिरामची. त्याला सकाळी लवकर निघावं लागतं. बरं, अंडी का बंद केलीत? अभिरामला ती पांढरी नाही आवडत, तुमचीच लागतात."

"कोंबडी बसली आहे त्यांवर."

"सगळ्यांवर? अहो, चार तरी ठेवायची होती बाजूला."

कान्होजींनी नळी पुढच्या कुंडीकडे नेली. तेरातील चार बाजूला ठेवली असती तर धुण्यापासून वाचली असती, हा विचार त्यांच्या मनात आला आणि दिवसभर गेला नाही.

आठव्या दिवशी दिवेलागणीस त्यांनी टोपली भुरीसकट खोलीत आणली, दार-खिडकी बंद केली, बॅटरीच्या तोंडाला पुठ्ठ्याची नळी लावली आणि फोन कपाटाच्या कडेला टेकवून ठेवला, म्हणजे पुण्यात लीलाताईंना दिसावे. एकेक अंडे भुरीखालून काढून त्यांनी उजेडावर धरले.

"हे नुसतं पिवळं दिसतं."

"रिकामं. बाजूला ठेवा."

"ह्यात काळी रेघ आहे गोल."

"मेलं ते. पुढचं."

पाचवे अंडे उजेडावर धरताच कान्होजींचा हात थांबला. आत लाल धाग्यांचे जाळे पसरले होते, आणि मधोमध मोहरीएवढा एक ठिपका थरथरत होता.

"दिसलं," लीलाताई पुण्यातून म्हणाल्या. "हलवू नका. दिसलं मला."

दोघेही काही वेळ त्या ठिपक्याकडे पाहत राहिले. ग्वाल्हेरात अंधारी खोली होती आणि पुण्यात मागे टीव्ही चालू होता. तेरापैकी पाचच अंडी जिवंत निघाली. आठ अंडी कान्होजींनी परसात खड्डा करून पुरली आणि वर दगड ठेवला.

त्याच आठवड्यात हर्षिताने फोन हाती घेतला.

"बाबा, एक बोलायचं होतं. आईचं आता तिकडे येणं मुश्किल आहे. पुढे प्रांजलीला शाळेत घातलं तरी दुपारी कोण बघणार? तुम्हीच या ना इकडे. घर बंद करून टाका. शंतनु तिकीट काढून देतो."

"कोंबडी बसली आहे," कान्होजी म्हणाले.

"बाबा, मी सिरीयसली बोलून राहिले आहे."

"मी पण."

पुण्याला ते एकदा जाऊन आले होते. दहा दिवस. सातव्या मजल्यावर सोफ्यावर बसून त्यांनी दहा दिवस आपल्या हातांकडे पाहिले होते. खाली भाजीवाल्यास ते म्हणाले, "मी आत्ता पैसे घेऊन येऊन राहिलो आहे," तर तो हसून म्हणाला होता, "काका, हिंदीत बोला, चालेल." जन्मभर ज्या भाषेत त्यांनी देवाला हाक मारली ती मराठी नव्हे, असे त्यांना त्या दिवशी कळले. ही गोष्ट त्यांनी लीलाताईंनाही सांगितली नव्हती.

एकविसाव्या दिवशी सकाळी भुरीच्या पोटाखालून बारीक आवाज आला. कान्होजींनी बागेच्या कामास दांडी मारली आणि खुराड्यासमोर बैठक घातली. लीलाताईंनी नातीला भरवत-भरवत फोन चालू ठेवला. दुपारपर्यंत दोन पिल्ले बाहेर आली, ओली, मान टाकलेली, कुरूप. तिसऱ्या आणि चौथ्या अंड्याला टोच पडली होती. पाचव्यात काही हालचाल नव्हती.

तिसऱ्याची चोच भोकातून दिसे, उघडे, मिटे, आणि पुन्हा तासभर काही नाही. अंड्याच्या आतील पापुद्रा उन्हाने वाळून पिल्लाला चिकटू लागला होता. कान्होजींनी काडाखालून चिमटा काढला.

"काय करता?"

"जरासं कवच काढून देतो. दमलं आहे ते."

"हात मागं घ्या."

"मरून जाईल, लीला."

"तुम्ही ओढलंत तर रक्त येईल आणि नक्की मरेल. कापड भिजवून टोपलीशेजारी ठेवा आणि बसा. हात मागं घ्या म्हणते ना."

एकतीस वर्षे ज्यांनी दुसऱ्याच्या जखमेत हात घातला त्या माणसाने दोन्ही हात मांड्यांखाली दाबले आणि तसेच बसून राहिले. गुडघ्यात कळा येत होत्या. बाहेर लूचे गरम वारे सुटले होते आणि पत्रा कडकड वाजत होता. साडेचार वाजता ते तिसरे अंडे मधोमध फाकले आणि पिल्लू उलटे होऊन बाहेर पडले. चौथे चोच उघडी ठेवूनच निपचित झाले. कान्होजींनी ते फोनला दाखवले नाही. "तीन," एवढेच सांगितले.

"तीन तर तीन," लीलाताई म्हणाल्या. "धुतलेल्या अंड्यांतून तीन निघाली हेच पुष्कळ."

"येतेस ना बघायला?"

फोनमधून नात काहीतरी मागत होती. लीलाताईंनी तिला आधी पाणी दिले.

"कशी येऊ हो," त्या म्हणाल्या. "मी बोलून गेले होते, पण तुम्हाला दिसतंय ना इथलं. तुम्हीच या. मी म्हणते म्हणून या."

कान्होजींनी तिन्ही पिल्लांकडे पाहिले. ती भुरीच्या पंखाखाली शिरत होती आणि पुन्हा बाहेर डोकावत होती.

"कोंबडीनं पिल्लं सोडली की येतो," ते म्हणाले. "त्याआधी सोडून कसा येऊ."

"ते तर आहेच. मग त्या मोठ्या तिघींना आणि ह्यांना शेजारी देऊन टाका. तिकीट तेव्हाचं काढायला सांगते."

असे ठरले. पुढील दोन महिने सायंकाळचा फोन पिल्लांनीच भरून निघाला. पहिल्या आठवड्यात तांदळाच्या कण्या, मग बाजरीचा भरडा. एकाला डोळ्यापाशी फोड आली, तर हळद-तेल लावायचे की नुसती राख, यावर पाऊण तास वाद झाला. घार फिरू लागली की भुरी एक विशिष्ट आवाज काढते आणि तिघेही क्षणात नाहीसे होतात, हे कान्होजींनी तीनदा सांगितले आणि लीलाताईंनी तीनदा नव्याने ऐकले. मुंगसाने एका रात्री खुराड्याची माती उकरली, तेव्हा कान्होजींनी दारापाशी दगड रचले, आणि त्या दगडांचेही वर्णन दुसऱ्या दिवशी पुण्यास गेले. लग्नाला एकोणचाळीस वर्षे झाली होती. इतके बोलणे त्या दोघांत पूर्वी कधी झाल्याचे कोणासही स्मरत नव्हते.

ज्येष्ठात एका सकाळी कान्होजी अंगणात भरडा टाकत होते. एक पिल्लू सवयीप्रमाणे भुरीच्या चोचीखालचा दाणा घ्यायला गेले. भुरीने मान उचलली आणि त्याच्या डोक्यावर टोच मारली. ते मागे झाले आणि पुन्हा जवळ आले. तिने पुन्हा टोचले, या वेळी जोराने, आणि चार पावले त्याचा पाठलाग केला. तिन्ही पिल्ले कुंपणापाशी जाऊन उभी राहिली आणि चिवचिवत तिच्याकडे पाहू लागली. भुरी भरडा टिपत राहिली. दुपारी ती खुराड्याच्या कोपऱ्यात जाऊन बसली आणि उठली तेव्हा तेथे एक ताजे अंडे होते.

कान्होजींनी ते अंडे हातात घेतले. ते उबदार होते. त्यावर शीट लागले होते. त्यांनी ते तसेच राहू दिले.

सायंकाळी भुरी आपल्या जुन्या जागी, वरच्या दांडीवर, इतर दोघींशेजारी जाऊन बसली. पिल्ले खाली जमिनीवर एकमेकांत अंग घुसवून बसली होती. अंगाने ती आता कबुतराहून मोठी झाली होती. त्यांना खाली तसेच ठेवून कान्होजींनी दार लावले आणि फोन वाजला.

"काय म्हणते भुरी?" लीलाताईंनी विचारले.

"ठीक आहे."

"सोडली का पिल्लं?"

दाराच्या फटीतून कान्होजींना दांडी दिसत होती.

"नाही अजून," ते म्हणाले. "घेऊनच बसली आहे."

लीलाताईंनी वयाच्या दहाव्या वर्षापासून कोंबड्या पाळल्या होत्या. अडीच महिन्यांची होत आलेली पिल्ले कोणतीही कोंबडी पोटाखाली घेत नाही, हे त्यांना कोणी शिकवायला नको होते. आणि त्यांना ते ठाऊक आहे हे कान्होजींनाही ठाऊक होते.

"पंखाखाली मावतात का?" त्यांनी विचारले.

"दाटीनं मावतात."

"तिन्ही?"

"तिन्ही."

हर्षिता मागून काही विचारत होती. तिकिटाचेच असावे. लीलाताईंनी फोनवर हात ठेवला असावा, कारण क्षणभर सर्व आवाज बंद झाले. मग त्यांचा आवाज पुन्हा आला, अगदी जवळून.

"मग राहू द्या. घाई करू नका. मी सांगून देते इथं," त्या म्हणाल्या. "उद्या काय केलं तिनं, ते सांगा."

येथे हा वृत्तांत समाप्त होतो. यापुढचे मी पाहिलेले नाही. जे पाहिले नाही ते लिहिणे योग्य नव्हे. माझे शिक्षण आठवीपर्यंतच झालेले असल्यामुळे भाषेत जे दोष राहिले असतील ते वाचकांनी उदार मनाने पोटात घालावेत. एवढा वेळ या परसात माझ्यासोबत थांबल्याबद्दल आपणा सर्वांचे अंतःकरणपूर्वक आभार.

आपला नम्र,
दिनकरराव बळवंतराव मांढरे
माधवगंज, लश्कर, ग्वाल्हेर